शेवटच्या शेतापर्यंत

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘आधार’ हा विषय सुचवला, तेव्हा मन प्रथम एखाद्या मोठ्या तीर्थस्थानाकडे धावावे, हे स्वाभाविक होते. नगर जिल्ह्यात, म्हणजे सरकारदप्तरी ज्याची नोंद आता अहिल्यानगर अशी झाली आहे त्या जिल्ह्यात, तसे स्थानही आहे. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते आणि धर्माचा भेद न पाळता दूरदूरची माणसे तिला लोटतात. परंतु यात्रेचा दिवस वर्षातून एकदाच उगवतो. आणि माणसाला आधाराची निकड भासते ती उरलेल्या, कोणत्याही पंचांगात ज्यांचे महत्त्व लिहिलेले नसते अशा दिवसांत. म्हणून यात्रेचा मार्ग सोडून मी राहुरी आणि नेवासे या बाजूच्या लहान गावांतील मंडळ्या पाहावयाचे ठरवले. मंडळी म्हणजे एका गावातील ख्रिस्ती कुटुंबांचा उपासक-समुदाय: कुठे दहा घरे, कुठे चाळीस, पत्र्याचे किंवा दगडी प्रार्थनामंदिर, आणि दोन-तीन गावे मिळून एक पाळक.

ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी कृपेची कल्पना आहे. माणसाने न कमावलेले, त्याच्या लायकीचा हिशेब न मांडता देवाने दिलेले दान, असा तिचा आशय धर्मशास्त्राचे पंडित सांगतात. या गावांतून हिंडताना मला जे दिसले ते असे की, अशा फुकट मिळालेल्या गोष्टीची व्यवस्था ही माणसे अतिशय काटेकोर शिस्तीने ठेवतात. तिच्यासाठी पाळ्या लावलेल्या असतात, वह्या घातलेल्या असतात, आणि जमाखर्च सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला जातो. त्या शिस्तीचे वर्णन हाच या लेखाचा विषय आहे.

हंगामाचा सण

बाजरी खळ्यावरून घरात आली, कांद्याची रोपे लागली, की या मंडळ्यांतून हंगामाच्या सणाची तारीख ठरते. त्या रविवारी प्रार्थनामंदिराच्या दारापासून वेदीपर्यंत जे दृश्य दिसते ते एखाद्या सधन गावच्या बाजाराला लाजवील. उसाच्या मोळ्या उभ्या केलेल्या, बाजरीच्या कणसांच्या जुड्या खिडक्यांना बांधलेल्या, भोपळे, शेंगा, डाळिंबे, मेथीच्या पेंढ्या, अंड्यांच्या टोपल्या, पाय बांधलेली एक-दोन कोंबडी, आणि ज्यांना शेत नाही अशांनी आणलेल्या शेवया, कुरडया, घरी शिवलेली गोधडी. उपासना होते, उपकारस्तुती होते, पाळकसाहेबांचा उपदेश होतो; आणि मग ज्यासाठी लहान मुले केव्हाची चुळबुळ करीत असतात तो लिलाव पुकारला जातो.

या लिलावाचे कायदे कोठे लिहिलेले नाहीत, पण ते मोडलेले कोणाला आठवत नाहीत. पुकारा करणारे गृहस्थ मंडळीच्या पंचांपैकी एक, निवृत्त शिक्षक. त्यांनी उसाच्या मोळीपासून आरंभ केला, कारण ऊस घेणारे बागायतदार पुढच्याच रांगेत होते. बोली चढू लागली, हशा पिकू लागला, मंदिराचे वातावरण सैल आणि उदार झाले. आणि नेमक्या त्या क्षणी त्यांनी एका वृद्ध विधवेने आणलेली वाटीभर तिळांची पुरचुंडी उचलली. ती पुरचुंडी आरंभी पुकारली असती तर दहा रुपयांत गेली असती आणि अखेरीस पुकारली असती तर कंटाळलेल्या लोकांनी तिच्याकडे पाहिलेही नसते. मध्यावर पुकारल्यामुळे तिच्यावर शंभराची बोली लागली, ती दीडशेवर गेली, ज्याने ती घेतली त्याने पैसे मोजले आणि पुरचुंडी परत मेजावर ठेवून म्हटले, “पुन्हा पुकारा.” ती तीनदा विकली गेली आणि अखेर ज्याच्या हाती राहिली त्याने घरी जाताना ती त्याच म्हातारीच्या नातवाच्या हाती दिली.

मी त्या पंचांना नंतर विचारले, की ही योजना आधी ठरलेली असते काय? ते म्हणाले, “ठरवायचं काय त्यात? तिचं वाण लहान राहू नये, एवढंच. देवानं आपलं वाण कधी तोलून पाह्यलं का?” मला वाटते, कृपेवरील अनेक विद्वत्तापूर्ण प्रवचनांचे सार या एका उत्तरात आले आहे. त्यातही लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या वृद्धेवर उपकार केल्याचा आव कोणीही आणला नाही. तिला दान दिले गेले नव्हते. तिने दिलेले दान वाढवले गेले होते. घेणाऱ्याचा मान राखण्याची याहून सुंदर रीत माझ्या पाहण्यात नाही.

दुपारच्या जेवणानंतर खजिनदाराने हिशेब वाचला. पाळकाच्या पगाराला इतके, पत्र्याच्या दुरुस्तीला इतके, आणि परिचारिकेच्या शिक्षणासाठी गेलेल्या एका मुलीच्या शुल्काला इतके. आकडे मोठे नव्हते, पण प्रत्येक आकड्याला सारी मंडळी कान देऊन होती.

ज्या विहिरीवर मज्जाव होता

ही दातृत्वाची रीत सुबत्तेतून जन्मलेली नाही, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले आणि १८३१ साली नगर येथे त्यांनी ठाणे केले. शाळा आणि छापील शब्द हे त्यांचे मुख्य साधन होते. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरासच निघाले, आणि मिस फरार यांची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात तशी शाळा काढण्याची प्रेरणा झाली. परंतु खेड्यांतून जे लोक या नव्या श्रद्धेकडे वळले त्यांतील बहुसंख्य, त्या काळी अस्पृश्य लेखल्या गेलेल्या महार आणि मांग समाजांतील होते. गावकामाच्या वतनाने ते बांधलेले होते. दवंडी, सरकारी सारा कचेरीत पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, अशी कामे त्यांच्या माथी होती आणि त्या बदल्यात बलुत्याच्या पेंढ्या. गावच्या विहिरीला हात लावण्याची मुभा मात्र नव्हती. त्यातच दुष्काळ येत. १८७६–७७ च्या दुष्काळाने तर दख्खनची गावे रिकामी केली.

अशा माणसाला कोणीतरी प्रथमच सांगितले, की तुझ्या जन्माचा, तुझ्या कर्माचा, तुझ्या लायकीचा झाडा न घेता तुला पंक्तीत बसवले आहे. या वार्तेचा अर्थ त्याला जितका तत्काळ कळला असेल तितका तो वतनदाराला किंवा शास्त्र्याला कळणे शक्य नव्हते. धान्याच्या आशेने लोक आले, असा आक्षेप तेव्हाही घेतला जाई आणि आजही घेतला जातो. भुकेल्या माणसाने भाकरीसाठी हात पुढे करावा यात मला लज्जास्पद काही दिसत नाही. आणि भाकरीचे दिवस सरल्यावरही त्या घरांच्या पाच-सहा पिढ्या ज्या श्रद्धेत टिकून राहिल्या, तिचा उगम केवळ पोटात होता असे म्हणणे त्या माणसांच्या बुद्धीचा अवमान करणारे आहे.

शिवाय या टिकून राहण्याची किंमतही पडली. राष्ट्रपतींच्या १९५० सालच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू समाजापुरत्या मर्यादित झाल्या. पुढे १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती झालेले दलित मात्र त्या यादीबाहेरच राहिले. एका घरी मी हा विषय काढला, तेव्हा घरातील तरुणाच्या स्वरात कडवटपणा होता आणि तो असण्यास कारणही होते. दाखल्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजवताना आपण नेमके कोण आहोत हे त्याला पुनःपुन्हा कागदावर सिद्ध करावे लागले होते. त्याचे वडील शांतपणे ऐकत होते. ते पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, मुळा धरणाच्या कालव्यावर त्यांचे आयुष्य गेले. मुलाचे बोलणे संपल्यावर त्यांनी त्याला खोडून काढले नाही. “त्याचं खरं आहे,” एवढेच म्हणाले, आणि मग बऱ्याच वेळाने कालव्याविषयी बोलू लागले.

धरणातून आवर्तन सुटले की पाणी सर्वांत आधी मुखाजवळच्या शेतांना मिळते आणि शेपटाकडच्या शेतापर्यंत पोचता पोचता आटते. मुखावरचा शेतकरी दार उघडून ठेवतो, रात्री चोरून उपसतो. शेवटचा शेतकरी चारीवर कंदील घेऊन बसून राहतो. पाटकऱ्याचे सारे काम म्हणजे पाळी राखणे: याची वेळ संपली, दार खाली, पाणी पुढे. “पाऊस देवाचा, धरणातलं पाणी देवाचं,” ते म्हणाले, “पण शेवटच्या शेतात ते आपोआप जात नाही, साहेब. मधल्या प्रत्येकानं आपलं दार वेळेवर पाडावं लागतं. कृपेचंही तसंच आहे. ती आली का, हे वरच्याला विचारू नये, खालच्याला विचारावं.”

पुढे मी जे जे पाहिले ते या वाक्याच्या उजेडात मला अधिक स्पष्ट दिसू लागले.

टाळ, पेटी आणि ओवी

शनिवारी रात्री एका घरी प्रार्थनासभा होती. ओसरीवर सतरंज्या, मध्ये पेटी, ढोलकी, टाळांच्या चार जोड्या. भजन सुरू झाले तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या परक्याला ते कोणत्या दैवताचे आहे हे शब्द कानी पडेपर्यंत ओळखता आले नसते. तीच अभंगाची चाल, तेच धृपदावर टाळांचे द्रुत होणे, तेच शेवटी डोळे मिटून धरलेले एक अक्षर.

ही परंपरा उसनी आणलेली नाही. फादर स्टीफन्स यांनी गोमंतकात रचलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून झाले. नगरचे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्तचरित्रावर कीर्तने करण्याचा परिपाठ एकोणिसाव्या शतकातच रुजवला. आणि ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच परिसरात, राहुरी आणि नगर येथे, नारायण वामन टिळक यांनी आयुष्याची महत्त्वाची वर्षे घालवली. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतलेल्या या चित्पावन कवीने, मराठी माणसाच्या कंठातून येशूचे नाव मराठी चालीतच निघाले पाहिजे, हा ध्यास शेवटपर्यंत सोडला नाही. आज ओसरीवर जी भजने म्हटली जातात त्यांतील कितीतरी त्यांचीच आहेत. पेटी वाजवणाऱ्या मुलाला ती सारी पाठ होती.

मात्र रोजच्या जगण्यातल्या श्रद्धेचा विचार करताना मला टिळकांपेक्षाही त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई अधिक जवळच्या वाटतात. पतीचे धर्मांतर त्यांच्यावर वज्रासारखे कोसळले. काही वर्षांचा वियोग त्यांनी भोगला. पुढे पतीजवळ राहावयास आल्यावरही सोवळेओवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी त्यांनी कटाक्षाने सांभाळले. मनातील भिंत एका विजेच्या लोळाने पडली नाही. स्वयंपाकघरात, पाण्याच्या घागरीपाशी, शेजारणींच्या सहवासात तिची एकेक वीट निघत गेली, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. प्लेगच्या दिवसांत याच बाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली. पतीच्या निधनानंतर अपुरे राहिलेले त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी पुढे रचत नेले. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, आणि मराठी गद्याला ती निर्मळ, निष्कपट वाणी लाभली जिची सर आजही दुर्मीळ आहे. ज्यांना श्रद्धा सावकाश येते, ज्यांच्या शंका घरकामात मिसळून असतात, अशा असंख्य माणसांना लक्ष्मीबाईंच्या चरित्रातून जो धीर मिळतो तो मोठ्या साक्षात्कारांच्या कथांतून मिळत नाही.

केडगावचा छापखाना

पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव हे स्थानक आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस, कित्येक तर छळाने अर्धमेल्या झालेल्या सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ उभी राहिली. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी तेथे जे घर होते त्याचे नाव रमाबाईंनी ठेवले ‘कृपासदन’, आणि अंध स्त्रियांसाठीच्या घराचे नाव ‘बार्तिमी सदन’, शुभवर्तमानातील त्या आंधळ्या भिकाऱ्याच्या नावावरून.

परंतु रमाबाईंनी त्या मुलींना केवळ आसरा दिला असता तर मुक्ती ही इतर अनेक अनाथालयांसारखी एक होऊन राहिली असती. त्यांनी प्रत्येकीच्या हाती काम दिले: विणकाम, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा, शिवण, आणि छापखाना. बायबलचे उपलब्ध मराठी भाषांतर खेड्यातल्या बाईला उमगत नाही, म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक आत्मसात केल्या आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम स्वतः शिरावर घेतले. पंधराहून अधिक वर्षे ते चालले. खिळे जुळवणारे, मुद्रिते काढणारे, घड्या घालणारे आणि बांधणी करणारे हात त्याच स्त्रियांचे, ज्यांना काही वर्षांपूर्वी अक्षरओळख नव्हती. १९२१ साली कन्या मनोरमा निवर्तली. तो आघात सोसूनही रमाबाईंनी काम थांबवले नाही, आणि १९२२ च्या एप्रिलात देह ठेवण्यापूर्वी ते पुरे केले.

दुष्काळाच्या वाटेवरून उचलून आणलेली मुलगी, ज्या ग्रंथात आपल्या उद्धाराची वार्ता आहे त्याच ग्रंथाची अक्षरे, पुढे जिच्यापर्यंत तो पोचायचा आहे अशा अनोळखी बाईसाठी जुळवीत बसली आहे, यात पाटकऱ्याच्या बोलण्याचा सारा अर्थ आला. मिळालेले अडवून न ठेवता पुढे सोडण्याची शिस्त रमाबाईंनी एका संस्थेच्या दिनचर्येत बसवली, आणि म्हणूनच ती संस्था त्यांच्यामागे शतकभर टिकली.

तिसऱ्या आठवड्याची वही

राहुरीच्या बाजूस एका मंडळीत स्त्रीमंडळाच्या प्रमुख बाई आहेत. मिशनच्या इस्पितळांतून परिचारिका म्हणून त्यांनी हयात घालवली. सारे गाव त्यांना ‘सिस्टर’ म्हणते आणि वयाने लहान असलेल्या बाया ‘मावशी’ म्हणतात. नगरचे इव्हँजेलिन बूथ इस्पितळ काय किंवा डॉक्टर वानलेस यांच्या हातून १८९४ साली उभे राहिलेले मिरजेचे इस्पितळ काय, या संस्थांच्या कीर्तीचा मोठा भाग जिल्ह्याजिल्ह्यातील ख्रिस्ती घरांतून आलेल्या अशा मुलींनी रात्रपाळ्या करून कमावलेला आहे.

मावशींच्या फडताळात एक लांबट वही आहे. तिच्यात गावातील दुःखांची नोंद असते: कोणाकडे मृत्यू, कोणाकडे शस्त्रक्रिया, कोणाचा मुलगा दारूला लागला, कोणाची सोयरीक मोडली. त्यापुढे वार आणि भेटीस जाणाऱ्या बाईचे नाव. ख्रिस्ती घर असो वा नसो, नोंद होते. वहीत पहिल्या दोन आठवड्यांचे रकाने बहुधा कोरे असतात, याचे मला नवल वाटले. मावशी म्हणाल्या, “पहिल्या आठवड्यात अख्खं गाव येतं. दुसऱ्यात पाव्हणे असतात. तिसऱ्यात घर रिकामं होतं आणि माणूस खरा खचतो. आमचं काम तिथून सुरू.”

मी त्यांच्याबरोबर एका घरी गेलो. कांद्याचा भाव पडला, त्यावर अवकाळी पावसाने उरलेले पीक कुजवले, सोसायटीचे आणि सावकाराचे कर्ज उभे राहिले, अशा अवस्थेत घरातील कर्ता पुरुष कितीतरी दिवस कोणाशी बोलत नव्हता. मावशींनी त्याचा रक्तदाब पाहिला, गोळ्या वेळेवर घेतो की नाही ते विचारले, बरोबर आणलेली भाकरी आणि पिठले त्याच्या पत्नीच्या हाती दिले आणि बसून राहिल्या. देवाची इच्छा असे त्या म्हणाल्या नाहीत. सारे ठीक होईल असेही म्हणाल्या नाहीत. बऱ्याच वेळाने तो माणूस आपण होऊन बोलू लागला, तेव्हा त्यांनी मध्ये एकही शब्द टाकला नाही. निघताना एक लहान स्तोत्र वाचले, ज्यात आक्रोश आहे, आणि त्याचा हात धरून प्रार्थना केली. मग व्यवहाराचे बोलल्या: कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा आहे, त्याच्याबरोबर कचेरीत कोण जाईल, आणि परवा कोण येईल.

परतताना मी विचारले, की सांत्वनाचे बोल तुम्ही का बोलला नाहीत? त्या म्हणाल्या, “बोल फार असतात, दादा. त्याला परवाचा दिवस कळायला पाहिजे. परवा कोणी येणार आहे, एवढ्यावर माणूस दोन दिवस काढतो.” धीर देणे म्हणजे काय याची व्याख्या करण्यास मला विचारले, तर मी यात भर घालू शकणार नाही.

या वहीत मावशींचे स्वतःचे नावही एकदा आले होते. यजमान वारले त्या वर्षी, तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या दारी जी बाई आली तिच्याकडे वर्षापूर्वी मावशी स्वतः गेल्या होत्या. “तेव्हा मला कळलं,” त्या म्हणाल्या, “की आपण जातो ते पुण्य म्हणून नाही. आपण सगळीच चारीवर बसलेली माणसं.”

पाळीचा हिशेब

आपल्याकडे श्रद्धेविषयी दोन टोकांची भाषा रूढ आहे. एक तिला चमत्कारांत शोधते आणि चमत्कार न घडल्यास निराश होते. दुसरी तिला दुबळ्या मनाची कुबडी मानून सोडून देते. मी ज्या माणसांत वावरलो त्यांची श्रद्धा या दोन्ही भाषांत मावत नाही. पीक बुडू नये म्हणून ते प्रार्थना करतात आणि ते बुडते. तरीही पुढच्या हंगामाच्या सणाला काहीतरी घेऊन येतात. देवाने आपल्याला न मागता, न कमावता स्वीकारले, हे त्यांना मनापासून खरे वाटते. आणि जे असे मिळाले ते आपल्या दारात अडवणे हाच त्यांच्या लेखी मोठा अपराध. म्हणून लिलावात लहान पुरचुंडी मध्यावर पुकारली जाते, म्हणून हिशेब मोठ्याने वाचला जातो, म्हणून वहीत तिसऱ्या आठवड्यासाठी नाव लिहिलेले असते.

ही शिस्त शिकण्यासाठी ख्रिस्ती होण्याची अट नाही, हे त्या माणसांनीच मला पुनःपुन्हा सांगितले. मावशींच्या वहीतील भेटीस जाणाऱ्यांत शेजारच्या वाड्यातील एक वारकरी बाईही आहेत. दिवाळीच्या दिवसांत आपण सुबत्तेची पूजा करतो आणि ती आपल्या घरी स्थिर राहावी अशी प्रार्थना करतो. याउलट ज्यांच्या पूर्वजांना विहिरीवर मज्जाव होता, ज्यांच्या हक्कांचे दाखले आजही कचेऱ्यांत अडकून पडतात, त्या लोकांनी मिळालेले सर्व काही पुढे सोडण्याची इतकी बारकाईची रीत बसवली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली. त्या रीतीपुढे तुमची-माझी साधनांची आणि सवडीची सबब टिकत नाही.